लाल दिवा चालू असताना

त्याचं खरं नाव रस्त्यावर कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नाही. लहानथोर सगळे त्याला दोनमिनिटे म्हणायचे. आडनाव नव्हे हो ते, नुसतं टोपणनाव, पण असं चिकटलेलं की कुरिअरवालासुद्धा पार्सल हातात धरून "दोनमिनिटे कुठे बसतात?" असं विचारत यायचा. संगणक बंद पडू दे, प्रिंटर रुसू दे, मोबाइल पाण्यात पडू दे, तुम्ही दुकानाशी जाऊन उभे राहिलात की हा मान वर न करता म्हणणार, "दोन मिनिटं." आणि खोटं कशाला बोलू, दोन नाही तरी दहा मिनिटांत तुमची वस्तू तुमच्या हातात यायचीच.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची तिरकी जागा. आत शिरताना वाकायचं, बसल्यावर सरळ व्हायचं आणि उठताना विसरलं की पायरीवर कपाळ आपटायचं. एकवीस वर्षांत त्याच्या कपाळाला डाव्या बाजूला कायमचं टेंगूळ आलं होतं. घाईचा माणूस, दर वेळी विसरायचा.

ही घाई त्याने मुद्दाम अंगी बाणवली होती. त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. हात सोन्याचे, पण एकेका घड्याळाला आठ-आठ दिवस. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला स्टुलावर बसवायचे आणि विचारायचे, "त्या दिवशी काय झालं होतं?" मग गिऱ्हाईक सांगायचं, सासऱ्यांशी वाजलं, घड्याळ भिंतीवर फेकलं, नाहीतर बाळाने पाण्यात बुडवलं. वडील सगळं ऐकून घ्यायचे आणि मग भिंग डोळ्याला लावायचे. लोक हळूहळू दुसरीकडे जायला लागले. शेवटी शेवटी स्टूल दिवसभर रिकामं असायचं. ते पाहून पोराने मनाशी गाठ मारली की आपण कुणाची कहाणी ऐकत बसायची नाही. गिऱ्हाईक जे सांगतं त्याचा यंत्राशी काडीचा संबंध नसतो, असं तो छातीठोकपणे सांगायचा. दुकानात स्टूल ठेवलंच नव्हतं त्याने.

त्याचं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे 'एंड टास्क'. एखादा प्रोग्रॅम अडून बसला की तीन बोटांनी तीन कळा दाबायच्या, चालू कामांची यादी उघडायची, अडेलतट्टू कोण ते हेरायचं आणि त्याला जागच्या जागी संपवायचं. "न ऐकणाऱ्याला विनवण्या कशाला? मुंडी मुरगाळायची आणि मोकळं व्हायचं." बायको म्हणायची, "तुम्ही माझ्या बोलण्याचं पण तेच करता." तो म्हणायचा, "दोन मिनिटं, मग बोलू." ते 'मग' कधी यायचं नाही.

तर अशा या माणसाला एका सोमवारी सकाळी शिवणवाल्या ताईंचा फोन आला.

दोन गल्ल्या पलीकडे ताई कपड्यांची दुरुस्ती करायच्या. कंबर कमी करून द्या, बाही आखूड करा, चेन बदला, अशी कामं. त्यांचा सव्वीस वर्षांचा एकुलता एक मुलगा एकोणीस दिवसांपूर्वी गेला होता. कोपऱ्यावर पाण्याचा टँकर मागे घेताना चालकाला दिसला नाही, एवढंच. सगळी गल्ली हळहळली. दोनमिनिटेही दारात जाऊन, हात जोडून, दोन मिनिटं उभा राहून आला होता.

"भाऊ, पोपटाची ती काळी डबी निघत नाहीये," ताई म्हणाल्या.

पोपट म्हणजे मुलगा. दुकानांच्या पाट्या, पुडीचे कागद, औषधाच्या बाटलीवरची सूचना, अक्षर दिसलं की मोठ्याने वाचायचं, अशी लहानपणापासूनची खोड. म्हणून पोपट. आणि काळी डबी म्हणजे लॅपटॉपला वायरने जोडलेली हार्ड डिस्क.

"ओढा, निघेल की."

"ओढायची नाही, असं त्याने मला बजावून ठेवलंय. संगणक 'काढा' म्हणेल तेव्हाच काढायची. मी त्याने शिकवलं तसं केलं. पण तो म्हणतोय, वापरात आहे. सगळं बंद करून पुन्हा प्रयत्न करा. भाऊ, घरात तर कुणीच वापरत नाही."

"आलो. दोन मिनिटांचं काम आहे."

आता पुढचं सांगण्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती दोनमिनिटेला कुणी सांगू शकलं नाही. सांगायला गेलं तरी त्याने ऐकली नाही, हे जास्त खरं.

पोपट नोकरीवरून आला की आणि सुटीच्या दिवशी अंधशाळेतल्या मुलांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचा. खिडकीला जाड गोधडी टांगायची, दार लोटायचं, माइकचा लाल दिवा लागला की वाचन सुरू. लाल दिवा चालू असताना घरात आवाज करायचा नाही, हा त्या घरचा कायदा. ताईंचं शिवणयंत्र बंद, नळ बारीक, खोकला आला तर पदर तोंडावर. हरवलेल्या कुत्र्याला शोधत निघालेल्या मुलाची गोष्ट होती, बारा धड्यांची. अकरा झाले होते. शेवटचा बारावा तो सुटीच्या सकाळी वाचत होता आणि ताई विसरल्या. एक झगा बारा वाजता द्यायचा होता, त्या गडबडीत पाय मशीनवर गेला. धडधड, धडधड. अख्खं वाचन वाया. पोपट बाहेर आला आणि भडकला. ताईही काही कमी नव्हत्या. म्हणाल्या, "तुझ्या त्या फुकटच्या वाचनावर चूल पेटते का रे आपली?"

त्यावर तो काही बोलला नाही. हेच वाईट झालं. बोलला असता तर भांडण तिथेच मिटलं असतं.

दुपारी तो पुन्हा वाचायला बसला. ताई स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. त्यांचं मन लागेना. कायदा मोडून त्यांनी आतूनच हाक मारली, "अजून रागात आहेस का रे?" तो काहीतरी बोलला. नळ चालू होता, त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी नळ बंद करून हात पुसेपर्यंत तो बाहेर येऊन पायात चपला घालत होता. घसा धरला होता म्हणून कोपऱ्यावरून गोळ्या आणायला निघाला होता. खाली बघतच म्हणाला, "मशीन लावू नकोस. थोडंच राहिलंय, दहा मिनिटांत येतो." आवाज कोरडा होता. घशाने कोरडा की रागाने, ते ताईंना कळलं नाही.

त्या उत्तराच्या वेळी लाल दिवा चालू होता. म्हणजे ते उत्तर संगणकात होतं. एकोणीस दिवस ताई एवढ्या एकाच आशेवर उठत होत्या आणि बसत होत्या.

दोनमिनिटे आत आला. वाचनाच्या खोलीत खिडकीला गोधडी तशीच. टेबलावर चार्जर लावलेला उघडा लॅपटॉप, शेजारी पाण्याचा पेला, त्यावर बशी झाकलेली. माइकवर हरभऱ्याएवढा लाल दिवा, अजून लागलेला. पलीकडच्या खोलीत शिवणयंत्रावर कापडी झाकण आणि त्याच्याभोवती दुरुस्तीच्या कपड्यांचे ढीग. प्रत्येक कपड्याला टाचणीने लावलेली चिठ्ठी: कंबर दोन बोटं, बाही अर्धी वीत. एकोणीस दिवसांचं काम साचलं होतं. त्याला वाटलं, बिचारीचा हात चालत नसेल. साहजिक आहे.

"त्याच्या कचेरीचा लॅपटॉप आहे," ताई म्हणाल्या, "शुक्रवारी माणूस न्यायला येणार आहे. डबी मात्र पोपटाची. त्यात ती पुस्तकं आहेत, शाळेला द्यायची आहेत. आणि भाऊ, त्यात आणखी एक..."

"दोन मिनिटं, ताई."

"नाही, ते आधी ऐका. त्या दिवशी मी आतून त्याला..."

"ताई, मी करतो ना! तुम्ही काळजीच करू नका."

ताई गप्प झाल्या. संगणकातलं आपल्याला काय कळतं, असं वाटून गप्प झाल्या. हुशार माणसासमोर आपण असेच गप्प होतो.

त्याने डिस्क काढायचा आदेश दिला. संगणकाने तेच तुणतुणं लावलं: हे उपकरण वापरात आहे, ते वापरणारे प्रोग्रॅम बंद करा. त्याने त्या तीन कळा दाबल्या. यादी उघडली. वर कचेरीचे दोन प्रोग्रॅम, खाली एक साधा फुकट मिळणारा रेकॉर्डर. हाच तो. त्याची खिडकी खाली दडवून ठेवलेली होती. ती वर काढून बघावी, एवढं साधं होतं. वर काढली असती तर अडतीस मिनिटांच्या आकड्यावर थांबलेलं घड्याळ दिसलं असतं आणि शेजारी 'थांबवा' असं बटण दिसलं असतं. पण एकवीस वर्षांची सवय. बोट आपलं आपण गेलं.

एंड टास्क.

"झालं!" तो म्हणाला. आता संगणक शहाण्यासारखा म्हणत होता की उपकरण काढायला हरकत नाही. त्याने डबी काढली, वायर गुंडाळली आणि ताईंपुढे धरली. "घ्या. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत."

ताईंनी डबी घेतली नाही. त्या माइककडे बघत होत्या.

"दिवा गेला," त्या म्हणाल्या.

"जाणारच. प्रोग्रॅम बंद केला ना."

"म्हणजे जतन झालं ना ते? पोपटाचं वाचून झालं की तो बटण दाबायचा, मग नाव घालायचा आणि मग दिवा जायचा. तुम्ही नाव काय घातलंत?"

  दोनमिनिटे हळूच खुर्चीत बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने गिऱ्हाइकाला विचारलं, "ताई, त्या दिवशी काय झालं होतं?"

मग ताईंनी सगळं सांगितलं. मशीनचं, भांडणाचं, चुलीचं, नळाचं. "दिवा लाल आहे तोवर ते आत आहे, एवढं मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून आजपर्यंत मी कशालाच हात लावला नाही. मशीनसुद्धा चालवलं नाही, म्हटलं आवाज आत जाईल आणि त्याचं पुन्हा वाया जाईल. आता ऐकवा. पूर्ण नको, शेवटचंच ऐकवा."

त्याने डबी पुन्हा जोडली.  आत ओळीने नावं होती: एक, दोन, तीन, अकरापर्यंत, प्रत्येकापुढे तीस-चाळीस मिनिटं. मग बारा. त्याच्यापुढे शून्य. हा रेकॉर्डर सगळा आवाज आपल्या मनात धरून ठेवणारा होता. 'थांबवा' म्हटल्यावरच डिस्कवर उतरवून ठेवणार होता. पोपट थांबवून गेलाच नव्हता. नुसतं 'पॉज' करून, थोडा वेळ रोखून ठेवून गेला होता, कारण तो दहा मिनिटांत येणार होता.

"दिसत नाहीये लगेच," दोनमिनिटे म्हणाला. "घरी नेऊन बघावं लागेल. लॅपटॉप पण लागेल."

"किती वेळ लागेल?"

त्याला सांगता येईना.

तीन दिवस त्याने दुकान उघडलं नाही. घरच्या टेबलाशी बसून राहिला. गेलेल्या फाइली शोधून काढणारे जेवढे म्हणून प्रोग्रॅम त्याला माहीत होते तेवढे त्याने लॅपटॉपवर आणि डबीवर चालवले. आवाज कधीकधी उतू जाऊन डिस्कच्या कुठल्यातरी कोपऱ्यात सांडतो, त्या आशेवर कोपरान् कोपरा झाडून काढला. पोपटाच्या जुन्या, पुसून टाकलेल्या चुका सापडल्या, खोकून थांबलेली वाक्यं सापडली. ते उत्तर काही सापडलं नाही. बायकोने दोनदा विचारलं, काय झालंय? तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने सांगून टाकलं.  ती त्याच्यासमोर चहा ठेवून शेजारी बसून राहिली. बऱ्याच वर्षांनी दोघं इतका वेळ एका जागी बसले होते.

शोधता शोधता त्याने अकराही धडे ऐकले. पोरगा वाचायचा मात्र छान हो. कुत्र्याला शोधणारा मुलगा कुठे घाबरतो, कुठे फुशारकी मारतो, सगळं आवाजात. तिसऱ्या धड्यात तो मुलगा एका ठिकाणी म्हणतो, "नाही गं आई." आठव्यात म्हणतो, "मी रागावलो नाहीये." दोनमिनिटेने तिसरा धडा मागे नेऊन पुन्हा ऐकला. मग आठवा ऐकला. आणि त्याच्या डोक्यात ते आलं.

वाईट हेतूने आलं नाही. आईच्या जिवाला शांती मिळेल, एवढंच. त्याने ती दोन वाक्यं कापली, एकापुढे एक लावली, मधला श्वास जुळवला, पाठीमागे नळ वाहत असल्यासारखा बारीक आवाज घातला. नाही गं आई, मी रागावलो नाहीये. जेमतेम तीन सेकंद. तीस-चाळीसदा लावून बघितलं. शेवटी शेवटी त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं आणि डोळे भरून आले. बायकोला मात्र त्याने हे ऐकवलं नाही.

गुरुवारी दुपारी तो ताईंकडे गेला. म्हणाला, "धडा वाचवता आला नाही. पण एक तुकडा सापडलाय."

ताईंनी हात पदराला पुसले, खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. त्याने लावलं.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

त्याने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि दोनमिनिटेला वाटलं, चला, निदान एवढं तरी झालं आपल्या हातून. मग ताईंनी हेडफोन काढले, त्यांची वायर नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवले.

"भाऊ, हा पुस्तकातला आवाज आहे."

दोनमिनिटे त्या हेडफोनकडे बघायला लागला.

"वाचताना तो प्रत्येक शब्द असा पुरता म्हणायचा. मुलांना कळावं म्हणून. घरात अर्ध्या शब्दांत बोलायचा, बाकीचे गिळायचा. आणि मला घरात कधी आई म्हणालाच नाही तो. म्हातारे म्हणायचा. 'काय म्हातारे, चहा टाकतेस का?' माझा जीव आसुसायचा ते एक 'म्हातारे' ऐकायला. तुम्ही कुठून आणलंत हे?"

"तिसरा धडा," तो म्हणाला, "आणि आठवा. मी जोडलं, ताई. खरं गेलं. माझ्याच हातून गेलं. त्या दिवशी ते आत होतं, चांगलं सुखरूप होतं. मी बघितलं नाही, बंद करून टाकलं. एक बटण दाबायचं होतं फक्त."

आणि मग ताईंचा बांध फुटला. "मी सांगत होते तुम्हाला! दोनदा तोंड उघडलं मी, दोनदा! दोन मिनिटं, दोन मिनिटं! कसली एवढी घाई तुम्हाला? कोण मरत होतं तुमचं? अहो, एकोणीस दिवस मी कात्रीसुद्धा आवाज न करता ठेवत होते. शेजारणीने रडायला तोंड उघडलं तर मी तिला बाहेर नेलं, आत दिवा चालू आहे म्हणून. स्वतः उशीत तोंड खुपसून रडले. आणि तुम्ही आलात आणि..." 

दोनमिनिटे मान खाली घालून उभा राहिला. जा म्हणाल्या असत्या तर गेला असता. मारलं असतं तर मार खाल्ला असता. ताई स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला, मग बंद झाला. त्या परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि हातात ते पुस्तक होतं, बाराव्या धड्याशी खुणेला चिंधी घातलेलं.

"शाळेतून फोन येतो," त्या म्हणाल्या. "कुत्रा सापडला का, म्हणून पोरं विचारतात. पोपटाने त्यांना कबूल केलं होतं. पूर्ण करायला हवं."

"मी वाचतो, ताई. मी उद्यापासून..."

"तुम्ही?" रडून लाल झालेल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या, "तुम्ही निम्मा धडा गिळाल. कुत्रा दारातच सापडेल तुम्हाला. मी वाचते. बटण तुम्ही सांभाळा. आणि मी बंद करा म्हणेपर्यंत हात लावायचा नाही."

शुक्रवारी कचेरीचा माणूस लॅपटॉप घेऊन गेला. सोमवारपासून दोनमिनिटे आपला लॅपटॉप आणि पोपटाचा माइक घेऊन त्या गोधडीच्या खोलीत बसायला लागला. दुपारी तीनला जिन्याखालचं दुकान बंद. गिऱ्हाइकं चक्रावली. दोनमिनिटे आणि तास तास गायब?

ताईंचं शिक्षण पाचवीपर्यंत. त्या ओळीखाली बोट धरून वाचायच्या. जोडाक्षर आलं की अडायच्या, मागे जायच्या, पुन्हा यायच्या. पोपटाने जो धडा चाळीस मिनिटांत संपवला असता त्याला त्यांना नऊ दुपारी लागल्या. दुसऱ्या दिवशी 'निश्चय' या शब्दाशी त्या इतक्या वेळ झटत होत्या की दोनमिनिटेला शब्द पुरवावासा वाटला, जीभ अगदी दातांपर्यंत आली. त्याने ती गिळली. हात मांडीखाली दाबून बसायचा तो, सवयीने काही दाबलं जाऊ नये म्हणून. लाल दिवा चालू असायचा. बाहेर कुणी हॉर्न वाजवला की दोघंही एकदमच दचकायची आणि ताई ते वाक्य पहिल्यापासून घ्यायच्या.

नवव्या दुपारी शेवटचं पान आलं. मुलगा दमून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसतो. आता हाक मारून काही उपयोग नाही, असं त्याला वाटतं. तरी एकदा मारतो. आणि रस्त्याच्या पलीकडून, गाड्यांच्या मधून, ते कुत्रं धावत येतं.

"धा-वत ये-तं," ताईंनी वाचलं. बोट पूर्णविरामावर थांबलं. "आणि त्या-च्या मांडी-वर डोकं ठे-वतं. समाप्त."

त्यांनी पुस्तक मिटलं. दोनमिनिटेने मांडीखालचा हात काढला, पण बटणाकडे नेला नाही. बंद करा असं त्या म्हणाल्या नव्हत्या.

ताईंनी मान वळवली. स्वयंपाकघराकडे नाही, बाहेरच्या दाराकडे. जिथे चपला असतात तिकडे. आणि अगदी रोजच्या आवाजात, भांडी घासताना विचारावं तसं विचारलं, "अजून रागात आहेस का रे?"

खोलीत आवाज नव्हता. नळ या वेळी बंद होता. ताई दाराकडे बघत ऐकत राहिल्या आणि दोनमिनिटे त्या लाल दिव्याकडे बघत बसून राहिला. त्याच्या गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलं, त्याने ते पुसलं नाही. हात हलवला तर बाहीचा आवाज आत जाईल, असं त्याला वाटलं.

मग कधीतरी ताई म्हणाल्या, "करा बंद."

त्याने 'थांबवा' दाबलं. नाव घातलं: बारा, शेवटचा भाग. ते डिस्कवर उतरल्याची खात्री केली, एकदा नव्हे, तीनदा केली. रेकॉर्डर बंद केला, तेव्हा दिवा गेला. मग डबी काढायचा आदेश दिला. संगणकाने काही कुरकुर न करता परवानगी दिली.

ताई पलीकडच्या खोलीत गेल्या. शिवणयंत्रावरचं झाकण काढलं, सर्वांत वरच्या कपड्याची चिठ्ठी वाचली आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. दोरा तीनदा चुकला. चौथ्यांदा गेला.

ती डबी आता अंधशाळेत आहे. बाराव्या धड्याचा शेवटचा भाग सव्वीस मिनिटांचा आहे. त्यात ताईंचं वाचन पंधरा मिनिटांत संपतं, मग तो एक प्रश्न येतो आणि त्यानंतरची जवळजवळ अकरा मिनिटं काहीच ऐकू येत नाही. शाळेतल्या बाईंनी फोन करून विचारलं, शेवटचं ते रिकामं कापून टाकायचं का? दोनमिनिटे म्हणाला, नको. मुलं ते ऐकतात का, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, हो, ऐकतात. कुणीतरी उत्तर देईल असं वाटतं त्यांना, म्हणून शेवटपर्यंत बसून राहतात.